डॉ. आनंदीबाई जोशी व रुबिकन नदी

रुबिकन नदी ओलांडणे हा इंग्रजीतील वाक्प्रचार आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस फार आवडतो, आणि आवडतो म्हणूनच तो निबंधांत वारंवार भलत्या जागी येऊन बसतो. कोणी क्रिकेटच्या संघात नाव देतो आणि रुबिकन ओलांडतो. कोणी नवी सायकल विकत घेतो आणि रुबिकन ओलांडतो. परंतु सायकल उद्या विकता येते आणि संघातून नावही काढून घेता येते. जिच्या पलीकडून परत येता येते ती नदी दुसरी कोणतीही असो, रुबिकन नव्हे.

या वाक्प्रचारामागची हकीकत थोडक्यात अशी. इ. स. पूर्वी ४९ च्या जानेवारीत ज्यूलिअस सीझर हा रोमन सेनापती गॉल प्रांत जिंकून आपल्या फौजेसह इटलीच्या उत्तर सीमेवर येऊन राहिला होता. फौज सोडून द्यावी अशी रोमच्या सेनेटची त्यास आज्ञा झाली होती. प्रांताची सीमा ओलांडून कोणाही सुभेदाराने सशस्त्र सैन्य इटलीत आणू नये, आणील तर तो राज्याचा शत्रू, असा रोमचा कायदा होता. आणि ती सीमा म्हणजे ही रुबिकन नदी. सीझर तिच्या काठी काही वेळ घुटमळला असे प्राचीन चरित्रकार लिहितात. मग एक पलटण घेऊन तो पलीकडे गेला. त्या क्षणापासून त्यास दोनच वाटा उरल्या, रोमचा धनी होणे किंवा रोमच्या हातून मरणे. आणि अवघ्या पाच वर्षांत या दोन्ही गोष्टी त्याच्या बाबतीत घडून आल्या.

आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसते ती गोष्ट निराळीच आहे. रुबिकन ही गंगेसारखी महानदी असेल असा त्यांचा समज असतो. वस्तुतः तो एक किरकोळ ओढा. इतका किरकोळ, की पुढे शेकडो वर्षे तो नक्की कोणता याविषयी इटलीतील विद्वान भांडत राहिले आणि अखेर १९३३ साली तेथील सरकारने एका लहानशा नदीस अधिकृतपणे ते नाव देऊन टाकले. आमच्या टिटवाळ्याची काळू नदी श्रावणात जेवढे पाणी उल्हासेस नेऊन देते, तेवढे रुबिकनने कधी पाहिलेही नसेल. सीझरचे पाय घोट्याएवढ्या पाण्यात भिजले असतील किंवा गुडघ्याएवढ्या, त्यास महत्त्व नाही. महत्त्व कायद्याच्या त्या रेषेस होते, आणि रेषा पाण्याखाली असल्यामुळे डोळ्यांस दिसत नव्हती.

याच अर्थाचा म्हणून मराठीत परतीचे दोर कापणे हा प्रयोग सांगितला जातो. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे माघारी पळू लागले, तेव्हा त्याचा भाऊ सूर्याजी याने कड्यावरचे दोर कापून टाकले, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक मराठी मुलास तोंडपाठ असते. दोन्ही वाक्प्रचारांचा शेवट एकच, परतीची वाट बंद. तथापि भेद लहान नाही. सिंहगडावर दोर दुसऱ्याने कापले. मावळ्यांस विचारून कापले नाहीत. रुबिकनमध्ये ज्याने पाऊल टाकले त्याचे त्याने टाकले. हा भेद शब्दकोशात सापडत नाही, माणसांच्या चरित्रांत सापडतो. आणि तो शोधण्यास रोमपर्यंत जाण्याचेही कारण नाही. टिटवाळ्याहून लोकलने निघावे, आंबिवली आणि शहाड मागे टाकावे, की तिसरे स्थानक कल्याण. तेथे जिचे बालपण गेले त्या एका मुलीचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. तिचे दोर दुसऱ्याने कापले की तिने आपली रुबिकन आपण ओलांडली, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवून पुढे वाचावे.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांचे घराणे एकेकाळचे जमीनदारांचे, पण पुढे उतरती कळा लागलेले. त्यांची मुलगी यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. नऊ वर्षांची असता तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. गोपाळराव बिजवर, टपाल खात्यात कारकून, वयाने मुलीहून सुमारे वीस वर्षांनी वडील. मनुष्य बुद्धिमान खरा, पण विक्षिप्त. बायकोस आपण शिकवू आणि त्यास कोणी आडकाठी करू नये, ही त्यांची अट होती, आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली. त्या काळी दुसऱ्या घरांत नवऱ्याने बायकोच्या हाती पुस्तक पाहिले तर मार बसे. येथे पुस्तक सोडून ती स्वयंपाकघरात दिसली तर बसे. आम्ही हे विनोदाने लिहीत नाही. लाकडाने मारणे, खुर्ची-पुस्तके अंगावर फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे आपण दहा-बारा वर्षांच्या वयात सोसले असे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्यासच स्पष्ट लिहून कळविले आहे. त्याच पत्रांतून त्यांनी आपल्या शिक्षणाचे श्रेयही त्यांस दिले. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी करण्याचा मोह अनेक चरित्रकारांस झालेला आहे. आम्ही तो टाळतो. दोन्ही खऱ्या होत्या.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हा संसार अलिबाग, कोल्हापूर, मुंबई असा हिंडत राहिला. मुंबईस आनंदीबाई काही काळ मिशनच्या शाळेत जात. पुस्तके हाती घेऊन, पायांत जोडा घालून रस्त्याने चालणारी ब्राह्मणाची सून पाहण्यास लोक जमत, हसत, टोचून बोलत. मात्र त्यांच्या आयुष्याचे वळण शाळेत ठरले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला आणि दहा दिवसांचा होऊन गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचते, हे त्यांच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरास दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या, आणि स्त्री डॉक्टर म्हणून हाक मारावी तर हिंदुस्थानात अशी किती माणसे होती! आपण डॉक्टर व्हावयाचे, हा निश्चय आनंदीबाईंचा. तो करण्यास त्यांस कोणी मारून बसविले नव्हते, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

आता या चरित्रातील तो भाग आला, जो आमच्यासारख्या मिशनच्या शाळेत वाढलेल्या आणि मिशनच्या शाळेत शिकविणाऱ्या मनुष्याने गाळून पुढे जाऊ नये. कोल्हापुरात पुष्कळ वर्षे काम करून स्वदेशी परतलेले रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे अमेरिकेत प्रिन्स्टन येथून एक मिशनरी मासिक चालवीत. १८८० च्या सुमारास गोपाळरावांचे पत्र त्यांच्या हाती होते: बायकोस अमेरिकेत शिकवावयाचे आहे, मला तेथे काही नोकरी मिळेल काय? वाइल्डरसाहेबांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की ख्रिस्ती व्हाल तर साहाय्य करू. जोशी दांपत्याने ते नाकारले. वाइल्डर हे खोटे किंवा दुष्ट गृहस्थ होते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. आपणांस जे सर्वांत मोलाचे वाटते तेच त्यांनी पुढे केले. परंतु विद्या मागणाऱ्या मुलीस विद्येच्या आधी दुसऱ्याच वस्तूची किंमत विचारणे योग्य नव्हते, असे आमचे मत आहे. त्यांनी एक गोष्ट मात्र अशी केली, की तिच्यामुळे पुढचे सारे घडले. तो पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापला.

न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई एके दिवशी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेल्या मासिकाचा तो अंक त्यांनी सहज चाळला. घरी जाऊन त्यांनी हिंदुस्थानात पत्र टाकले: मुलगी येणार असेल तर माझ्या घरी उतरावी. धर्माची अट घातली नाही. कार्पेंटरबाईही ख्रिस्ती होत्या, हे वेगळे सांगावयास नको. दोघींचा पत्रव्यवहार चालू झाला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. प्रकृती बरी राहत नाही, डोके दुखते, ताप येतो, असे त्या लिहीत, आणि मावशी अमेरिकेतून औषधे धाडीत.

दरम्यान गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती व ती दोघे कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथे राहत होती. दोघांनी मिळून अमेरिकेस जावे असा मूळचा बेत होता. तो जमेना. पाठीमागे म्हातारी आई, धाकटे भाऊ, आणि पगार कारकुनाचा. तेव्हा गोपाळरावांनी ठरविले की आनंदीने एकटीने जावे. अठरा वर्षेही पुरी न झालेली ब्राह्मणाची मुलगी, एकटी, काळ्या पाण्यापलीकडे! समुद्र ओलांडला की जात गेली, हा त्या काळचा साधा हिशोब होता. पुरुषांसही तो चुकला नव्हता. बायकांच्या बाबतीत हिशोब करण्याची वेळच कोणावर आली नव्हती. हिंदू समाजाने दोष दिला, आणि आमच्या समाजातील पुष्कळांनीही दोष दिला. त्यांचे म्हणणे असे, की परदेशी जावयाचेच तर आधी बाप्तिस्मा घेऊन जावे.

येथपर्यंतची हकीकत पाहता कोणी म्हणेल की ही सिंहगडचीच कथा झाली: नवऱ्याने ठरविले, नवऱ्याने शिकविले, नवऱ्याने धाडले, आणि दोर कापले ते त्यानेच. आम्हांसही बराच काळ तसेच वाटे. पण मग २४ फेब्रुवारी १८८३ हा दिवस येतो.

श्रीरामपूरचे कॉलेज म्हणजे केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली स्थापिलेले. मराठी वाचकाचे या गावाशी जुने नाते आहे. १८०५ साली केरीने आपल्या भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापला तो येथेच. गंगेकाठच्या त्या छापखान्यात आमची भाषा प्रथम शिशाच्या खिळ्यांत ओतली गेली असे म्हटले तरी चालेल. त्या कॉलेजच्या दिवाणखान्यात युरोपियन आणि एतद्देशीय मंडळी जमली असता आनंदीबाई बोलावयास उभ्या राहिल्या. भाषा इंग्रजी. आपणांस लोक जे प्रश्न वारंवार विचारतात तेच सहा प्रश्न त्यांनी एकामागून एक घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेसच का जाता? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का? परतल्यावर बहिष्कार पडला तर? तेथे काही संकट आले तर? आणि आजवर कोणत्याच बाईने जे केले नाही ते तुम्हीच का करावे?

उत्तरे सरळ होती. या देशात स्त्री डॉक्टरांची गरज मोठी आहे आणि येथले शिक्षण अपुरे आहे. मी ख्रिस्ती नाही, ब्राह्मही नाही. ख्रिस्ती बाई इंग्रजी पेहेरावात शाळेस गेली तर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण हिंदू राहून हिंदू वेषात मी रस्त्याने निघाले की लोक तमाशा करतात. एकटी जाते ते घरच्या माणसांचे पोट नवऱ्याच्या पगारावर आहे म्हणून. बहिष्काराच्या प्रश्नास दिलेले उत्तर आम्हांस सर्वांत जड वाटते. आपण हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणून तेथे राहणार, वेष आणि आहार बदलणार नाही, हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी सांगितले. आणि ज्यांस बहिष्कार घालावयाचा असेल त्यांनी परतण्याची वाट कशाला पाहावी, तो आजच घालावा, त्यांस मोकळीक आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारले.

आमच्या मते रुबिकन ती येथे. कलकत्त्याच्या धक्क्यावर नव्हे, अटलांटिक महासागरातही नव्हे. दिवाणखान्याच्या जमिनीवर उभे राहून सतरा वर्षांच्या मुलीने काही वाक्ये उच्चारली, यापलीकडे पाहणाऱ्यास काहीच दिसले नसेल. पण ते भाषण छापून प्रसिद्ध झाले, देशभर गेले, आणि त्यानंतर घरी बसणे शक्य राहिले नाही. ख्रिस्ती होऊन सोय पाहणेही शक्य राहिले नाही. दोन्ही काठांवरच्या लोकांस एकाच भाषणात नकार देऊन त्या उभ्या होत्या. हे काम गोपाळराव त्यांच्यासाठी करू शकले नसते. ते श्रोत्यांच्या बाजूस होते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्त्याहून प्रयाण केले. ओळखीच्या मिशनरी बायांची सोबत होती. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात कार्पेंटरबाई त्यांस उतरवून घेण्यास आल्या. उन्हाळा रोझेल येथे मावशीच्या घरी गेला, आणि शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. हे महाविद्यालय १८५० साली निघालेले. डीन होत्या रेचल बॉडली. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात, पुरुषाच्या हातचे औषध घेण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या माझ्या देशभगिनींस मला साहाय्य करावयाचे आहे, असा आपला उद्देश त्यांनी कळविला होता. महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊ केली.

१८८५ च्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत: लुगडे नेसलेल्या आनंदीबाई, जपानी किमोनो घातलेल्या केई ओकामी, आणि आपल्या देशी पोशाखातील सीरियाच्या साबात इस्लामबुली. पालकांनी ते मुलामुलींस अवश्य दाखवावे. आपल्या पेहेरावाविषयी श्रीरामपुरास जे सांगितले ते खरे केल्याचा तो पुरावा आहे.

शब्द पाळण्याची किंमत शरीराने दिली. फिलाडेल्फियाची थंडी हाडांत शिरणारी, आहार शाकाहारी आणि अपुरा, आणि प्रकृती तर घरूनच नाजूक. ताप, खोकला, डोकेदुखी यांनी पाठ सोडली नाही. पुढे क्षयाने गाठले. तरी अभ्यास चुकला नाही. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी आपला प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर ही पदवी मिळविली. समारंभास गोपाळराव हजर होते, ते आधीच अमेरिकेस येऊन पोचले होते. आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या, आनंदीबाई हिंदू, आणि नात्याने दोघी एकमेकींच्या दूरच्या आप्त. त्या दिवशी त्या दोघी एकाच सभागृहात होत्या, हे आठवले की आम्हांस बरे वाटते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली. ज्या गावाच्या मिशनऱ्याकडून सशर्त उत्तर आले होते, त्याच गावाहून आता बिनशर्त बोलावणे आले. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईस उतरल्या. बहिष्काराची जी धास्ती होती ती फारशी खरी ठरली नाही. लोकांनी कौतुक केले, मानपत्रे दिली. त्यांच्या वाटेत जात आडवी आली नाही, दुखणे आले. कोल्हापुरास रुजू होणे घडलेच नाही. पुण्यास उपचार चालू असता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना कमी होता.

गोपाळरावांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि तेथे चहा दिला गेला. हजर असणाऱ्यांची नावे गोपाळरावांनी वर्तमानपत्रात छापून आणली! मिशनचा चहा म्हणजे जातीचा प्रश्न; प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताची भानगड चुकली नाही. चहाच्या एका पेल्याने पुण्यात एवढे वादळ उठले. त्याच पुण्यात तीन वर्षांपूर्वी समुद्रापार तीन वर्षे राहून आलेली गोपाळरावांची पत्नी मरण पावली होती, आणि तिला कोणी प्रायश्चित्त विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

आनंदीबाईंच्या हातून एकाही रोग्यावर नोकरीत उपचार झाले नाहीत. काहींस त्यामुळे हे सारे व्यर्थ वाटते. आम्ही एवढेच सांगतो, की १८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले, आणि १८९४ साली मुंबईच्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परत आल्या, त्या पुढे सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रोगी तपासत राहिल्या.

दहनानंतर आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे. भोवती सर्व ख्रिस्ती लोकांच्या कबरी आहेत. तेथील दगडावर त्या ब्राह्मण होत्या असे कोरलेले आहे.